मुकादमीण डावीकडे होती

९ जानेवारी

छोटे,

खुशाली मागाहून लिहिते, आधी काम. माझ्या मुकादमिणीला लागलंय. म्हणजे त्या ठिपक्यांच्या कोंबडीला. मागच्या वेळी आलीस तेव्हा तुझ्या बॅगेवर चढून बसली होती, तीच. बाकीच्या सगळ्यांवर तिची देखरेख असते म्हणून तिचं हे नाव पडलं. काल दुपारी तिला कुत्र्याने धरलं. मी आत मशीनवर एका पँटची लांबी कमी करत होते. ओरडा ऐकून बाहेर धावले तर ही फाटकाजवळच्या धुळीत, तिच्या रोजच्या लोळायच्या जागी, एका कुशीवर पडलेली, पंख नुसता फडफडतोय आणि उठता येत नाही.

डावा पाय मधूनच भलतीकडे वळलाय. शेपटीच्या वरची कातडी तळहाताएवढी सोलून निघाली आहे. रक्त फार नव्हतं. टॉवेलात गुंडाळून तिला खोक्यात ठेवलंय आणि खोकं माझ्या मशीनखाली. मध्येच डोळे मिटते, तेव्हा मी शिवण थांबवून वाकून बघते.

हे म्हणाले, मान पिरगाळून मोकळी कर तिला, उगाच हाल नकोत. एवढं बोलले आणि जाऊन अंगणातल्या त्यांच्या शाळेच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी मागून म्हटलं, माझ्याच्याने ते व्हायचं नाही आणि तुमच्याच्यानेही व्हायचं नाही, तेव्हा बोलू नका. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. नवी आणा म्हणाले.

फोनच केला असता, पण आमचा फोन बाहेरच्या खोलीत, ह्यांच्या कानाशी, आणि तुमच्या डेअरीचा फोन नेहमी तिसराच कुणीतरी उचलतो, 'डॉक्टरीणबाई गोठ्यात आहेत' म्हणतो आणि ठेवतो. म्हणून हे पत्र. तू गाईंची डॉक्टर हे मला माहीत आहे, पण कॉलेजात कोंबड्याही थोड्याफार शिकवल्या असतीलच. जलद टपालाने कळव.

तुझी ताई


१२ जानेवारी

ताई,

हात धुऊन लगेच लिहायला बसलेय, कागद ओला झाला तर समजून घे.

पहिलं म्हणजे तिला बाकीच्या कोंबड्यांना दिसूही देऊ नकोस. रक्त दिसलं की त्याच तिला टोचून टोचून मारतील, तिची मुकादमी तिथे कामाला यायची नाही. खोकं उबदार आणि अंधारं हवं. पाणी उकळून गार कर, त्यात थोडं मीठ घाल आणि मऊ सुती कापडाने जखम पूस. कापूस नको, त्याचे धागे चिकटतात. साधं जंतुनाशक मलम चालेल. दुखरा भाग बधिर करणारं मलम मात्र चुकूनही लावू नकोस, कोंबड्यांना ते विषासारखं आहे.

पायाला आइस्क्रीमच्या काड्या दोन्ही बाजूंनी लाव, आत मऊ कापड घाल आणि पट्टी गुंडाळ. तू जन्मभर लोकांची मापं घेतलीस, किती घट्ट ते तुला मी सांगायला नको. बोटं गार पडली तर सैल कर. पाणी ड्रॉपरने, चोचीच्या कडेवर एकेक थेंब. घशात ओतलंस तर फुप्फुसात जाईल. खायला उकडलेल्या अंड्याचा बलक. हो, अंड्याचाच. कुणाचं आहे ते तिला सांगू नकोस. आणि माश्या. जखमेवर माशी बसता कामा नये, खोक्यावर जाळी टाक. मरायची वेळ आली तर कोंबडी जखमेने कमी आणि माश्यांनी जास्त मरते.

आता एक नीट बघून कळव. दात कुठे लागलेत? कुत्र्याच्या दाताचं भोक वरून बारीक दिसतं, आत खोल असतं आणि तिथेच पू धरतो. पिसं बाजूला सार आणि शोध. तसं असेल तर मी गोळी पाठवीन, ती पाण्यातून द्यावी लागेल.

आणि कुत्रा कुणाचा? तुमच्या गल्लीत तर एकच कुत्रं होतं, ते शेजारच्या मास्तरीणबाईंचं, आणि त्याला उठून बसायचाही कंटाळा.

छोटी


१८ जानेवारी

छोटे,

मुकादमीण जिवंत आहे. पुढचं वाच.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पहिले दोन दिवस तिने थेंबाथेंबाने पाणीच काय ते घेतलं. मग बलक असा खाल्ला की माझं बोटही गेलं असतं. पण ती सारखी दुखऱ्या पायावर भार टाकू बघायची आणि कोलमडायची. मग मला युक्ती सुचली. एका जुन्या शर्टाच्या पाठीची झोळी शिवली, पायांसाठी दोन भोकं ठेवली, शेपटीच्या बाजूला एक मोठं भोक कापलं आणि ती झोळी दोन स्टुलांच्या मधे टांगली. आता ती हवेत बसल्यासारखी असते, पाय जेमतेम जमिनीला टेकतात. भोकांना काजं करतात तशी शिलाई घातलीये, कडा रुतू नयेत म्हणून. मास्तरीणबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, अहो, माझ्या ब्लाउजला इतकं मन लावून शिवलं नाहीत कधी.

दातांची भोकं सापडली नाहीत. पिसं अगदी एकेक करून बघितली. कातडी एका बाजूला ओढून सोलल्यासारखी आहे. शेपटीच्या पिसांना काहीतरी काळं, चिकट लागलं होतं, ते साबणाने निघालं नाही म्हणून मी ती पिसं कापली. कुत्र्याचं म्हणशील तर मी तो बघितला नाही. हे म्हणाले की कुत्रा होता.

ह्यांचं काय बिनसलंय कळत नाही. जेवणात लक्ष नाही. कोंबडी ज्या खोलीत आहे त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. परवा चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले आणि टेबलाच्या बाहेरच ठेवला, सगळा चहा जमिनीवर. मी हसले तर माझ्यावरच खेकसले. माझं अक्षर वाकडं आलंय ना, त्याचं कारण म्हणजे कोपर सुजलंय. स्वयंपाकघराच्या दारात आमची टक्कर झाली आणि मी चौकटीवर आदळले. काळंनिळं झालंय पण वाकतंय, काळजी करू नकोस.

ताई


२१ जानेवारी

ताई,

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच आणि वाचून झालं की फाडून टाक.

दातांची भोकं नाहीत म्हणजे कुत्रा नव्हता. एवढं मी शपथेवर सांगते. हाड असं मधोमध मोडतं ते मार लागून किंवा चिरडून. मला आता आडून आडून विचारायचा कंटाळा आलाय, सरळ विचारते. भाऊजींनी मारलं का तिला? काठीने, बुटाने, कशानेही? रागाच्या भरात?

आणि तुझं कोपर? 'दारात टक्कर झाली.' ताई, इथे डेअरीत दूध काढायला येणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यातली एक दर महिन्याला दारावर आदळते. ते दार कुठलं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

भाऊजींच्या नाकावर राग असतो हे मी तुझ्या लग्नापासून बघतेय. बाबांनी मला एकदा विचारलं होतं, ताई सुखात आहे ना. मी हो म्हटलं होतं. मी चुकीचं सांगितलं का?

माझी इथली खोली लहान आहे, पण दोघींना पुरेल. मशीन घेऊन ये. कोंबडीही घेऊन ये. काही विचारणार नाही.

छोटी


२५ जानेवारी

छोटीस,

तुझं पत्र फाडलं नाही. मशीनच्या खणात ठेवलंय, म्हणजे पुन्हा कधी तुझ्यावर माया दाटून आली तर काढून वाचता येईल.

इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर संसार केला. आवाज मोठा आहे, खरं आहे. एकदा ताट भिरकावलं होतं, तेही खरं, आणि मग स्वतःच जमीन पुसत बसले होते. माझ्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलेलं नाही. तू लांब बसून चार ओळींवरून माणसाची परीक्षा करतेस. गाईला तरी जवळ जाऊन तपासत असशील.

खरं हवं होतं ना तुला? घे. काल त्यांनी आपणहून सांगितलं. कुत्रा नव्हता. दुपारची फेरी करून आले, बस अंगणात मागे घेत होते आणि मुकादमीण चाकाखाली आली. काळं चिकट होतं ते चाकाचं वंगण. घाबरून कुत्रा म्हणाले. मला म्हणाले, मी बघितलंच नाही तिला, देवाशपथ दिसलीच नाही. सांगताना त्यांचा चेहरा मला बघवेना. झाला एक अपघात, त्याचं तू काय करून ठेवलंस.

आता ऐक, कारण तुझ्याशिवाय विचारायला कुणी नाही. जखमेला वास येतोय. आज सकाळी पट्टी सोडली तर आत वळवळ. जाळी होती, तरी कुठून तरी एक माशी शिरलीच. मी चिमट्याने जेवढ्या निघाल्या तेवढ्या अळ्या काढल्या, मला दोनदा बाहेर जाऊन यावं लागलं. आता ती मान टाकून पडलीये. खात नाही. पाय बरा होत आला होता गं. वाचेल असं वाटत नाही.

ताई


२८ जानेवारी

ताई,

आधी मुकादमीण. मिठाचं कोमट पाणी मोठ्या भांड्यात घे आणि तिचा मागचा भाग त्यात बुडवून धर, अळ्या श्वास घ्यायला वर येतात. आल्या की चिमट्याने उचल. दिवसातून दोनदा, एकही दिसेनाशी होईपर्यंत. नंतर पूर्ण कोरडं कर, ओलं अंग ठेवलंस तर थंडीने जाईल. सोबत पावडर आणि गोळ्या पाठवतेय, कसं द्यायचं ते पुडीवर लिहिलंय. सोलल्या जागेवर पिवळं सुटलं असेल तर ओढून काढू नकोस.

आता माझं. मी चुकले. भाऊजींबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं. तुझ्या खणात ते पत्र राहू दे, मला शिक्षा म्हणून.

पण तुझं शेवटचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतेय आणि मनात पाल चुकचुकतेय. 'दिसलीच नाही.' ताई, कोंबडी फाटकाच्या कुठल्या बाजूला होती? तू म्हणालीस की तिची धुळीत लोळायची जागा तीच, रोजची. म्हणजे ती तिथे असते हे भाऊजींना माहीत आहे. माहीत असून दिसली नाही. चहाचा कप टेबलाच्या कुठल्या बाजूने पडला? आणि दारात तू त्यांच्या कुठल्या बाजूला होतीस?

मी माणसांची डॉक्टर नाही. पण आमच्याकडे एक गाय होती, ती एका बाजूच्या खांबाला सारखी धडकायची. गडी म्हणायचे, माजली आहे. तिला त्या डोळ्याने दिसत नव्हतं.

त्यांना तुझ्यासमोर खुर्चीवर बसव. एक डोळा झाकायला सांग, तुझ्या नाकाकडे बघायला सांग आणि बाजूने काहीतरी हळूहळू पुढे आण. केव्हा दिसलं ते सांगू देत. मग दुसरा डोळा. माझं काही चुकलं असेल तर आनंदच आहे. पण हे टाळू नकोस. त्यांच्या बसमध्ये मुलं असतात.

छोटी


६ फेब्रुवारी

छोटे,

मुकादमीण तरली. अळ्या संपल्या, वास गेला, सोललेल्या जागी गुलाबी कातडी धरायला लागलीये. काल तिने झोळीतून मान बाहेर काढून माझ्या पायाला चोच मारली. इतकं बरं वाटलं मला.

बाकी लिहायला हात होत नाही, तरी लिहिते. तू विचारलंस त्याचं उत्तर: मुकादमीण डावीकडे होती, कप टेबलाच्या डावीकडून पडला आणि दारात मीही त्यांच्या डाव्या हाताला होते.

तू म्हणालीस तसं केलं. रिळांचा डबा घेतला आणि ह्यांना म्हटलं, रंग ओळखायचा खेळ आहे, मास्तरीणबाईंनी सांगितलाय. खुशीत होते, बसले. उजवा डोळा उघडा ठेवला तेव्हा कानाजवळून रीळ आणलं की जरा थांबून का होईना, सांगायचे. निळं, लाल, पिवळं. मग उजवा झाकला आणि डावा उघडा. मी रीळ आणतेय, आणतेय, आणतेय. ते माझ्या नाकाकडे बघताहेत आणि म्हणताहेत, आण की लवकर. रीळ त्यांच्या गालासमोर होतं, छोटे. मी माझ्या नाकाला जवळजवळ टेकवलं तेव्हा म्हणाले, हिरवं.

मी रीळ डब्यात ठेवायला गेले. तेच म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातून रीळ घेतलं आणि स्वतःच बाजूने आणून बघितलं. मग बराच वेळ ते रीळ उलगडत आणि गुंडाळत बसले.

म्हणाले, मला वाटायचं आरसा हलतो. डावा आरसा दोनदा बदलून घेतला मी. मेकॅनिक म्हणायचा, आरशाला काही झालेलं नाही.

म्हणजे त्यांना बरेच दिवस काहीतरी कळत होतं, फक्त काय ते कळून घ्यायचं नव्हतं.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर नाही म्हणाले. डॉक्टर कागदावर लिहून देईल आणि संपलं. ह्या वर्षाच्या परीक्षा होईपर्यंत चालवू दे, मग मी आपणहून सोडतो, तोपर्यंत कुणाला सांगू नकोस. माझा हात धरून म्हणाले. ज्या माणसाने तीस वर्षांत माझ्याकडे मीठसुद्धा मागून घेतलं नाही, हात लांब करून स्वतः घेतलं, तो माणूस. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हणू शकले नाही.

तेव्हापासून मी रोज बसमध्ये जाते. शाळेत गणवेशांची मापं घ्यायची आहेत असं सांगितलंय. पुढच्या डाव्या सीटवर बसते आणि हळूच सांगत राहते. डावीकडून सायकल. डावीकडे हातगाडी. आता मोकळं. ते मान हलवतात. मुलं मागे दंगा करत असतात, त्यांना पत्ता नाही. घरी येईपर्यंत माझ्या पाठीचा ताठा जात नाही, मशीनवर बसवत नाही. पण आजवर काही झालेलं नाही. परीक्षेपर्यंत निभेल असं वाटतं.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

निभणार नाही.

तू त्यांचा डोळा नाहीस. तू शिवणकाम करणारी बाई आहेस आणि तुलाही दोनच डोळे आहेत. तुला शिंक आली तर? मागे एखादं पोर रडलं आणि तू वळून बघितलंस तर? तू ज्याला निभावणं म्हणतेस त्यात आता तूही आहेस. काही झालं तर तुम्ही दोघं मिळून केलेलं असेल.

मला भाऊजींचा राग येत नाहीये. तीस वर्षं एकच काम करणाऱ्या माणसाला कुणी उद्यापासून करू नकोस म्हटलं तर मीही आरसाच बदलून बघितला असता. पण हे थांबलं पाहिजे, आणि परीक्षेनंतर नाही. उशीर होईल तसा उजवा डोळाही जाईल, हे त्यांना सांगितलंस का?

हे पत्र मिळाल्यावर त्यांच्याशी बोल. येत्या सोमवारी सकाळी मी शाळेत फोन करणार आहे. तुम्ही सांगितलं असेल तर मी नुसती चौकशी करून ठेवून देईन. नसेल तर मी सांगेन. मग तू माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल.

छोटी


१६ फेब्रुवारी

छोटे,

सोमवारी शाळेत तुझा फोन आला हे मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं. तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तुझं पत्र शुक्रवारी दुपारी घरी येऊन पडलं आणि जे व्हायचं ते शुक्रवारी सकाळीच झालं. तू मला धमकी दिलीस हे मला नंतर कळलं, तेव्हा ती वाचून रडू आलं, पण रागाने नाही.

नीट सांगते. बेकरीच्या कोपऱ्यावर एक थांबा आहे. तिथून दोन बहिणी चढतात, मोठी आणि एक अगदी चिमुरडी. मोठी थांब्यावर उभी होती, ती चढली. धाकटी थोडं पुढे, डावीकडच्या बेकरीत काहीतरी बघत राहिली होती. मोठी वर आली तसा मागच्या एका मुलाचा पाण्याचा डबा घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो उचलायला वाकले. बस्, तेवढंच. वाकले आणि उठले.

ह्यांनी गाडी पुढे घेतली. डावीकडून ती चिमुरडी बहिणीकडे पळत येताना बससमोर आली.

मला ती दिसली तेव्हा फक्त तिच्या केसांचा भांग दिसला, काचेच्या खालच्या कडेला. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तिची बहीण किंचाळली. ब्रेक इतका जोरात लागला की सगळी मुलं पुढच्या सीटवर आदळली. मग काही आवाज नाही. मी खाली कशी उतरले मला आठवत नाही. ती बसच्या पुढ्यात बसली होती. दप्तर चाकाला लागून पडलं होतं. ती मला म्हणाली, माझी पट्टी मोडली असेल. दप्तरातली पट्टी गं. तिला कुठेही खरचटलंसुद्धा नव्हतं.

हे उतरले. पुढून फिरून डाव्या बाजूला आले आणि त्या मुलीला बघितलं, मग चाक बघितलं, मग बेकरीपर्यंत जाऊन ती जिथून आली ती जागा बघितली. मी त्यांना ओळखते, मला वाटलं आता ओरडतील. ते वर गेले, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, आता ही मला परत देऊ नकोस, मी मागितली तरी.

मग मुलांना म्हणाले, चला, आज पायी जायचं. मुलांना मज्जा वाटली. दोघादोघांनी हात धरायचे, रस्त्याच्या कडेने चालायचं. ते सगळ्यांत पुढे, ती चिमुरडी त्यांच्या उजव्या हाताला, आणि मी सगळ्यांत शेवटी. एवढी लांब रांग. दुकानदार बाहेर येऊन बघत होते, बस बिघडली का विचारत होते. हे प्रत्येकाला सांगत होते, बस ठीक आहे, मी बिघडलोय. लोक हसत होते, त्यांना थट्टा वाटली.

मुलं वर्गात गेली आणि हे सरळ मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. मी मागे होते. बाई खुर्चीत बसा म्हणाल्या, हे बसले नाहीत. म्हणाले, बाई, मला डावीकडचं दिसत नाही. महिन्यापूर्वी घरची कोंबडी चाकाखाली आली तेव्हा कळायला हवं होतं. कळलं होतं. आज तुमच्या शाळेची एक मुलगी चाकाखाली येता येता वाचली. मी म्हटलं, मलाही माहीत होतं. ते म्हणाले, तिचं ऐकू नका, तिला मी गप्प बसवलं. बाईंनी समोरची वही मिटून बाजूला ठेवली. मग एवढंच म्हणाल्या की त्या मुलीच्या आईवडिलांना तुम्ही स्वतः सांगायचं. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. बाप नाही नाही ते बोलला. ह्यांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. आई आतून आलीच नाही.

शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं गेलं ते परत यायचं नाही. उजव्याचीही कड जायला लागलीये, पण थेंब नेमाने घातले तर आहे तेवढं टिकेल म्हणाले. आणखी वर्षभर थांबला असतात तर, असं काहीतरी बोलायला लागले आणि ह्यांच्याकडे बघून थांबले.

शाळेने दुसरा ड्रायव्हर पाठवला, मी त्याला किल्ली दिली आणि तो बेकरीजवळची बस आमच्या फाटकासमोरून घेऊन गेला, तेव्हा हे अंगणात उभे राहून बघत होते. अंगण एकदम मोठं दिसायला लागलंय. पुढे काय करायचं माहीत नाही. माझी कामं आहेत, भूक भागेल. त्यांच्या दिवसाचं काय करायचं, तो प्रश्न आहे.

मुकादमिणीची झोळी कालपासून सोडली. लंगडत चालते, एक बोट वाकडं राहिलंय. अंगणात नेऊन सोडली तर दुसऱ्या एकीने तिची जागा घेऊन टाकली होती. जोरदार भांडण झालं. कोण जिंकलं ते अजून ठरलेलं नाही.

ताई


२० मार्च

डॉक्टरीणबाईंना,

तुझ्या ताईला न विचारता लिहितोय, ती मापं घ्यायला गेली आहे. मी शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं मला आठवत नाही. मोठ्या अक्षरात लिहितोय ते डोळ्यांमुळे नाही, माझं अक्षर पहिल्यापासून असंच आहे.

तुझी सगळी पत्रं मी वाचली. तिने दिली नाहीत, मी खणातून काढली. मी तिला मारतो असं तुला वाटलं, तेही वाचलं. आधी डोकं फिरलं. मग वाटलं, माझा आवाज ऐकून कुणालाही वाटेल. ती शेवटची धमकी मात्र मी दोनदा वाचली. कुणीतरी दिलीच पाहिजे होती. आभार मानायचे होते, मानले.

तुला विचारायचं होतं ते असं. मुकादमीण खुडूक बसली आहे. दाण्यांचा पुडा हलवला तरी उठत नाही, हात नेला की फुगते. लंगड्या कोंबडीखाली अंडी ठेवावीत का? त्या वाकड्या बोटाने फोडेल का? ताई म्हणते ठेवूया. मी म्हटलं डॉक्टरला विचारू. माझं ती ऐकत नाही, कोंबडी म्हणतोय मी. मी अंगणात आलो की लंगडत लांब जाते. मी दाणे टाकतो आणि घरात येतो, मग ती येऊन खाते. तिचं बरोबर आहे.

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं होतं. बसवर मुलांना चढवायला-उतरवायला माणूस हवा होता. मी म्हटलं, बाई, मला अर्धंच दिसतं. त्या म्हणाल्या, ते तुम्हाला माहीत आहे ना आता, बाकीच्यांना माहीत नसतं. नवा ड्रायव्हर माझा मुलगा शोभेल इतका तरुण आहे. त्याच्या शेजारी बसलो त्या पहिल्या दिवशी डबा तसाच परत आणला. तो गिअर उशिरा बदलतो. मी सांगत नाही. सांगायला जीभ वळवळते, पण नाही सांगत.

बेकरीच्या कोपऱ्यावर उतरून मी त्या दोघी बहिणींना हात धरून रस्ता ओलांडून देतो. त्यांची आई गॅलरीतून बघत असते. माझ्याशी बोलत नाही, पण हल्ली मुलींना खाली एकट्या पाठवते. मला डावीकडचं बघायला सगळी मान वळवावी लागते, अगदी हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. आधी उजवीकडे, मग अशी डावीकडे, मग पुन्हा एकदा. धाकटी माझी नक्कल करते. हनुवटी खांद्याला टेकवते आणि डोळे मोठे करते. आता थांब्यावरची सगळीच पोरं तसं करायला लागलीत, रस्ता ओलांडताना एका सुरात माना वळवतात. जाणारे-येणारे हसतात.

मी त्यांना थांबवत नाही. ड्रायव्हरलाही सांगून ठेवलंय, सगळ्यांच्या माना वळून झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

अंड्यांचं लवकर कळव.

तुझे भाऊजी